जर्मनीत दातांचे उपचार: विमा, खर्च आणि कागदपत्रं

नेकारकाठ

जर्मनीत नव्याने आलेल्यांचे दातांबद्दलचे प्रश्न व्हिसा, घरभाडं, शाळा अशा भलत्याच धाग्यांत पडून राहतात. ते इथे एकत्र आणू. सुरुवात मी करते.

आधी तुमचा विमा कुठला ते बघा, पुढचं सगळं त्यावर आहे. बहुतेक नोकरदार आणि ३० वर्षांच्या आतले विद्यार्थी सरकारी विम्यात असतात, म्हणजे एखाद्या क्रांकनकासेचे (आरोग्य विमा संस्थेचे, थोडक्यात कासेचे) सभासद. वर्षाचा ढोबळ पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर (२०२६ साठी ७७,४०० युरो) असेल तर खासगी विमा घेता येतो. तिसरा प्रकार भाषेच्या कोर्सला किंवा चान्सनकार्टवर (नोकरी शोधायच्या परवान्यावर) आलेल्यांचा 'इन्कमिंग' विमा. त्यातलं दातांचं कलम बहुतेक दुखणं थांबवण्यापुरतंच असतं: साधं फिलिंग, दात काढणं, तेही ठरलेल्या रकमेपर्यंत. कॅप, ब्रिज विसरा. हा विमा असणाऱ्यांनी अर्धवट राहिलेलं रूट कॅनल भारतातच पुरं करून यावं.

सरकारी विम्यात वेगळे पैसे न देता मिळतं ते असं: सहा महिन्यांतून एकदा तपासणी, कॅलेंडर वर्षातून एकदा कीटण काढणं, गरजेचे एक्सरे, इंजेक्शनची भूल, दात काढणं, साधं फिलिंग, नियमात बसणारं रूट कॅनल, आणि दोन वर्षांतून एकदा हिरड्यांची मोजणी. हिरड्यांचा आजार निघालाच तर कासेच्या मंजुरीने पूर्ण उपचार आणि नंतर दोन वर्षं देखभाल. हे शेवटचं जुलै २०२१ पासून सुरू झालंय आणि बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

१ जानेवारी २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये चांदीचं फिलिंग (अमाल्गम) बंद आहे. आता मागच्या दाढांत कासेच्या खर्चाने आपोआप चिकटणारं साधं मटेरियल भरतात. थर देऊन केलेलं कॉम्पोझिट हवं असेल तर वरचे पैसे तुमचे, आणि त्याचा लेखी करार फिलिंगच्या आधी व्हायला हवा. पुढच्या दातांना दाताच्या रंगाचं फिलिंग कासे देते.

पावती_जपून

छान धागा. एक मुद्दा ठळक करून ठेवा: इथे पैशाचा निकाल खुर्चीत बसण्याआधी लागतो. पुण्यात जसं "करा डॉक्टर, हिशेब नंतर बघू" चालतं तसं केलं तर कासे हात वर करते आणि ते नियमाला धरूनच असतं.

कॅप, ब्रिज, कवळी हे सगळं 'त्सानएर्झात्स'मध्ये येतं. त्याआधी दवाखाना हाइल-उंड-कोस्टनप्लान (उपचार आणि खर्चाचा आराखडा) बनवतो, सगळे त्याला हा-का-पे (HKP) म्हणतात. तो आता ऑनलाइन थेट कासेकडे जातो, तुम्ही पोस्टात टाकायची गरज नाही. साध्या केसला मंजुरी काही दिवसांतही येते. मंजुरीनंतर सहा महिन्यांत काम पुरं व्हायला हवं. मधे तीन महिने भारतात जाणार असाल तर हे आधी सांगा.

मदत टक्क्यांत मिळते, पण टक्के तुमच्या बिलाचे नाहीत, 'रेगेलफेरझोर्गुंग'चे. म्हणजे त्या दोषावर सरकारने ठरवलेला साधा उपाय. हिशेबापुरते आकडे घ्या: साध्या कॅपचा ठरलेला खर्च ४०० युरो आणि तुम्हाला झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) ८०० ची हवी. ६० टक्के म्हणजे २४० कासे देणार, ५६० तुमचे. पाच वर्षांचं बोनसहेफ्ट (दरवर्षीच्या तपासणीच्या शिक्क्यांचं पुस्तक) असेल तर ७० टक्के, म्हणजे २८०. दहा वर्षांचं असेल तर ७५ टक्के, म्हणजे ३००. तुम्ही ८०० ची कॅप घ्या नाहीतर १,२०० ची, कासेची रक्कम तीच.

हिरवी_मिरची

बोनसहेफ्ट भारतातल्या तपासण्यांवर चालू होतं का? आणि ते मिळतं कुठे?

पावती_जपून

भारतातलं काही धरत नाहीत, शून्यापासून सुरुवात. पहिल्या तपासणीला काउंटरवर मागायचं, छोटंसं कार्डवजा पुस्तक असतं, शिक्का मारून देतात. फुकट. मोठ्यांना कॅलेंडर वर्षाला एक शिक्का, १२ ते १७ वयाच्या मुलांना दर सहामाहीला एक.

इथे एक गोम आहे. मोजतात ती उपचाराच्या *आधीची* सलग पाच कॅलेंडर वर्षं, चालू वर्ष धरत नाहीत. म्हणून ऑक्टोबरात उतरलात तरी ३१ डिसेंबरच्या आत एक तपासणी करून घ्या, ते अख्खं वर्ष पदरात पडतं. "आल्या आल्या कुठे दातांचं" म्हणून जानेवारीवर ढकललं की ७० टक्क्यांचा दिवस वर्षभर लांबतो. मधलं एक वर्ष चुकलं की पाचचा हिशेब पुन्हा एकपासून. दहा वर्षांच्या मालिकेत मात्र सबळ कारण असेल तर एक चुकलेलं वर्ष माफ होऊ शकतं.

मुळाक्षर

हा-का-पेवरचा दातांचा तक्ता बघून लोक गांगरतात. तो असा वाचायचा.

दातांना दोन आकडी नंबर असतात. पहिला आकडा तोंडाचा चतकोर: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मोजायचा. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली मोठी दाढ, बहुतेकांची आधी किडते ती. ४८ ही खालची उजवी अक्कलदाढ.

तक्त्यात तीन ओळी असतात. 'बे' (B) म्हणजे आत्ताची स्थिती, 'एर' (R) म्हणजे सरकारी साधा उपाय, 'टे-पे' (TP) म्हणजे डॉक्टर प्रत्यक्षात करणार ते. एर आणि टे-पे सारख्याच असतील तर तुमचा खर्च सगळ्यात कमी. टे-पेची ओळ भरलेलीच नसेल तरी घाबरू नका, उपाय साधाच आहे असा त्याचा अर्थ. 'बे'च्या ओळीत छोटं एफ म्हणजे दात नाही, एक्स म्हणजे काढायचाय, डब्ल्यू-डब्ल्यू म्हणजे दात वाचवण्याजोगा पण बराच खचलेला. एर आणि टे-पेच्या ओळींत मोठं के म्हणजे कॅप, के-फाउ (KV) म्हणजे धातूची कॅप पण समोरून पांढरा मुलामा, के-एम म्हणजे पूर्ण सिरॅमिक.

वरच्या जबड्यात पाचव्या दातापर्यंत आणि खालच्या जबड्यात चौथ्यापर्यंतच पांढरा मुलामा साध्या उपायात बसतो. त्यामागच्या दाढेला कासेच्या हिशेबाने धातूची कॅप पुरते. म्हणून ३६ वर एर ओळीत के आणि टे-पे ओळीत के-एम दिसलं तर फरक तुमच्या खिशातून. विचारा: "एर ओळीतलं करून द्याल का?" पुष्कळ डॉक्टर स्वतःहून हा पर्याय बोलत नाहीत, विचारलं तर नाही म्हणत नाहीत.

खवचट_काका

ह्या तक्त्यापेक्षा पुण्याचं तिकीट स्वस्त. पंधरा दिवस सुट्टी, दात नवे, वर आमरस.

दंतकथा

काका, हिशेब कामावर अवलंबून आहे. सरसकट दोन्ही बाजूंनी बोलता येत नाही.

भारतात केलेल्या नियोजित कामाचे पैसे जर्मन कासे देत नाही. युरोपियन युनियनमधल्या देशात आधी मंजुरी घेऊन केलं तर देते. इथे केलेल्या फिलिंगवर आणि कॅपवर दोन वर्षांची हमी कायद्याने असते, भारतातून करून आलात तर दुरुस्तीसाठी परत तिथेच, किंवा इथे नव्याने खर्च.

एक दोन कॅप, जुन्या ब्रिजची बदली, अशी कामं दोन आठवड्यांत बसतात: माप, लॅबचे पाच सात दिवस, बसवणं, आणि चावताना उंच लागत असेल तर घासून घ्यायला शेवटचे तीन चार दिवस हाताशी. लोक हे शेवटचे दिवस ठेवत नाहीत. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कॅप बसवली की महिनाभर ती दाढ ठणकते आणि इथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला नाखूश असतो.

इम्प्लांट मात्र एका सुट्टीत बसत नाही. स्क्रू हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यानंतर वरची कॅप. म्हणजे दोन फेऱ्या. "एकाच भेटीत सगळं" ही जाहिरात काही मोजक्या केसना लागू पडते. सिगरेट, ताब्यात नसलेला मधुमेह, पातळ हाड यांत धोका वाढतो. पहिला भाग तिकडे आणि दुसरा इकडे करायचा असेल तर इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि बॅच नंबरचं स्टिकर मागून घ्या. प्रत्येक कंपनीचा पाना आणि जोड वेगळा असतो. स्टिकर नसेल तर इथला डॉक्टर एक्सरे बघून अंदाज बांधत बसतो, आणि तो कधी कधी लागतच नाही.

इथे इम्प्लांटला कासेची मदत शून्य नसते, पण ती तिथे साधा ब्रिज केला असता तर जेवढी मिळाली असती तेवढीच. स्क्रू, हाड भरणं, थ्रीडी स्कॅन हे सगळं तुमचं.

हिरवी_मिरची

रूट कॅनलचं नीट सांगाल का कोणी? एकाच दाढेला एक दवाखाना काही नाही म्हणतो, दुसरा ६०० युरो.

दंतकथा

दोघंही नियमात असू शकतात.

पुढच्या दातांना सहसा अडचण येत नाही. मोठ्या दाढेचं रूट कॅनल कासे देते ते तीनपैकी एखादी गोष्ट असेल तर: दातांची रांग अखंड राहणार असेल, त्या बाजूला मागे मोकळी जागा पडणं टळणार असेल, किंवा आधीचा ब्रिज वा कवळी त्या दाढेच्या आधाराने टिकणार असेल. शिवाय ती वाचेल याची बऱ्यापैकी खात्री हवी. यात बसत नसेल तर कासेच्या लेखी उपाय एकच, दाढ काढणे. तरीही वाचवायची तर पूर्ण बिल खासगी.

आता नियमात बसली तरी: मायक्रोस्कोपखाली काम, नळीची लांबी विजेच्या यंत्राने मोजणं, ध्वनिलहरींनी धुणं, हे कासेच्या यादीत नाही. त्यासाठी वेगळा करार पुढे करतात. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बऱ्याचदा असते आणि ती साध्या डोळ्यांनी सापडत नाही. ती राहून गेली की वर्ष दोन वर्षांनी मुळाशी पू होतो. तेव्हा मोठ्या दाढेला मायक्रोस्कोपचे पैसे वाया जात नाहीत असं माझं मत. एकच मूळ असलेल्या दाताला तेवढी गरज नसते.

भारतात आधी झालेलं रूट कॅनल पुन्हा करायचं म्हटलं तर ते बहुतांशी खासगीत जातं. इथला डॉक्टर एक्सरे बघून "भरण मुळाच्या टोकापर्यंत पोचलेलं नाही" म्हणेल. दुखत नसेल आणि टोकाशी काळी सावली नसेल तर वर्षभराने परत एक्सरे काढून बघू, हा पर्याय विचारायला हरकत नाही. मात्र त्याच दातावर नवी कॅप घ्यायची असेल तर आधी रूट कॅनल सुधारावं लागतं. नाहीतर पुढे कॅप फोडून आत जायची वेळ येऊ शकते.

पावती_जपून

खासगी बिलाचं गणित एकदा समजलं की कुणी फसवत नाही. दर गे-ओ-त्सेट नावाच्या सरकारी यादीतून येतात. प्रत्येक कामाला पॉइंट ठरलेत, एका पॉइंटची किंमत ५.६२४२१ सेंट, १९८८ पासून तीच. त्याला डॉक्टर १ ते ३.५ पर्यंतच्या आकड्याने गुणतो. २.३ नेहमीचा. त्याच्या वर गेला तर बिलावर कारण लिहावं लागतं, ३.५ च्या वर जायचं तर आधी लेखी करार.

उदाहरण म्हणून दात साफ करणं घ्या, इथे ज्याला पे-त्सेट-एर म्हणतात. कलम १०४०, दर दाताला २८ पॉइंट, म्हणजे १.५७ युरो. गुणिले २.३ केले की ३.६२. तोंडात २८ दात असतील तर १०१ युरो. कुणी १५० सांगितले तर तो जवळजवळ ३.५ ने गुणतोय, कारण विचारा. काही कासे वर्षातून एकदा यातले थोडे पैसे परत देतात, त्यांच्या ॲपमध्ये शोधा. आणि फुकटचं कीटण काढणं ते हे नव्हे. काउंटरवर नुसतं "क्लीनिंग" म्हटलं की महागड्याची वेळ मिळते. "त्सानश्टाइन (म्हणजे कीटण), कासेकडून" असं सांगा.

लॅबचा खर्च वेगळा लागतो. तो १,००० युरोंच्या वर जाणार असेल तर लेखी अंदाज द्यायला हवा, आणि अंदाजापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वाढणार असेल तर ताबडतोब लेखी कळवायला हवं. शेवटच्या बिलावर भांडायला हाच एक मुद्दा कामाचा आहे.

मुळाक्षर

विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही ते: हेर्टेफाल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची सवलत. महिन्याचं ढोबळ उत्पन्न मर्यादेच्या आत असेल (२०२६ मध्ये एकट्या माणसाला १,५८२ युरो) तर मदत ६० वरून १०० टक्के होते आणि साधा उपाय जवळजवळ फुकटात पडतो. बोनसहेफ्ट लागत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिना ९९२ युरो काढणारा, जोडीला छोटी नोकरी करणारा मुलगा बहुतेक यात बसतो. कासेचा फॉर्म भरा, बँकेची स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, विद्यापीठाचा दाखला जोडा. हा-का-पेबरोबरच द्यायचा, काम झाल्यावर नाही. बायको किंवा नवरा सोबत राहत असेल तर दोघांचं उत्पन्न धरतात आणि मर्यादाही वाढते.

अट एकच, टे-पेची ओळ साध्या उपायाचीच असावी. झिरकोनिया मागितलं की वरचा फरक परत तुमचा.

हिरवी_मिरची

खासगी जादा दंतविमा घ्यावा का?

पावती_जपून

तोंडात काम निघायच्या आधी घेतला तर उपयोग. आधीच पडलेला दात बहुतेक पॉलिसीत वगळतात किंवा हप्ता वाढवतात. कुठल्याही डॉक्टरने, भारतातल्यासुद्धा, "ही कॅप करून घ्या" असं सांगून झालं असेल तर ते काम पॉलिसीत येत नाही. पहिली तीन चार वर्षं पैशांची कमाल मर्यादा असते, ती दरवर्षी चढत जाते. फॉर्मवर खोटं लिहू नका. मोठा दावा आला की विमा कंपनी दवाखान्यातून तुमची फाइल मागवते आणि तारखा जुळवून बघते.

खवचट_काका

रविवारी रात्री दाढ दुखली तर हे सगळे फॉर्म कुठे चिकटवू?

नेकारकाठ

काका, तेव्हा फॉर्म लागत नाही, कार्ड लागतं.

कामाच्या दिवशी: सकाळी दवाखाना उघडताच फोन करून "इश हाबे श्टार्के श्मेर्त्सन" (मला खूप दुखतंय) म्हणा. नवीन पेशंट घेत नाहीत म्हणणारे दवाखानेही दुखण्याच्या केसला बऱ्याचदा मधे बसवतात, मात्र दोन तास थांबायची तयारी ठेवा. रात्री, शनिवार-रविवारी: ११६११७ हा नंबर इतर डॉक्टरांचा. दातांच्या तातडीच्या सेवेला प्रत्येक राज्याच्या दंतवैद्यांच्या संघटनेचा नंबर वेगळा, 'त्सानएर्त्सलिशर नोटडीन्स्ट' आणि शहराचं नाव टाकून शोधा. तिथे दुखणं थांबवतात, तात्पुरतं भरतात, पुढचं काम आपल्या दवाखान्यात.

गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली उतरायला लागली, गिळता येईना, तोंड उघडेना, श्वास अडकतोय असं वाटलं तर थेट ११२. तेव्हा वाट बघत थांबायचं नाही.

दंतकथा

पहिल्या भेटीच्या 'आनामनेजेबोगन'बद्दल, म्हणजे तब्येतीच्या प्रश्नांच्या फॉर्मबद्दल. औषधांची भारतीय ब्रँड नावं लिहू नका. इकोस्प्रिन लिहिलं तर इथे कुणाला कळणार नाही. "ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड ७५ मिलिग्रॅम" लिहिलं तर दात काढण्याआधी रक्तस्रावाचा विचार होईल. ते स्वतःच्या मनाने बंदही करू नका. ब्लड प्रेशर, थायरॉइड, हाडं ठिसूळ झाल्याची इंजेक्शनं, पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपण हे नक्की लिहा.

आणि सुपारी, गुटखा, मिस्री. फॉर्मवर त्याला रकानाच नसतो, फक्त धूम्रपान विचारतात. सुपारीने गालाची आतली बाजू ताठ होऊन तोंड कमी उघडतं, हा आजार जर्मन डॉक्टरांच्या पाहण्यात क्वचित येतो. भारतातून आई-बाबा राहायला आले असतील तर हे तोंडाने सांगा. भेट म्हणून आलेल्यांच्या प्रवासी विम्यातही दातांचं कलम वेदना थांबवण्यापुरतंच असतं.

मुळाक्षर

मुलांच्या तारांबद्दल थोडं. वाकडेपणा पाच पायऱ्यांत मोजतात, तिसऱ्यापासून पुढे कासे देते, उपचार १८ च्या आधी सुरू व्हायला हवेत. कासे ८० टक्के लगेच भरते, २० टक्के तुम्ही दर तिमाहीला भरता (दुसऱ्या मुलाचेही सोबत चालू असतील तर त्याचे १०), आणि उपचार *पुरे झाल्याच्या* दाखल्यावर ते परत मिळतात. बिलं जपा. नोकरी बदलून मधेच भारतात परतलात तर तो दाखला मिळत नाही आणि तुमचा भागही परत येत नाही. परतायचं वर्षभरात नक्की असेल तर आत्ता तारा लावूच नका, तिकडे गेल्यावर लावा. आधीच लागल्या असतील तर उपचाराची योजना, सुरुवातीचे फोटो, एक्सरे आणि दातांच्या साच्याची स्कॅन फाइल मागून घ्या. कुठल्या मापाची पट्टी, कुठल्या तारेपर्यंत काम आलंय हे डॉक्टरकडून एका कागदावर लिहून आणा. भारतातला ऑर्थोडॉंटिस्ट तेवढ्यावरून पुढे नेतो, नाहीतर सगळं काढून नव्याने चिकटवतो.

हिरवी_मिरची

एक्सरे इथून मागायचा असेल तर देतात का? की कासेकडे असतो?

मुळाक्षर

दवाखान्याकडे असतो, कासेकडे नाही. कॉपी मागणं तुमचा हक्क आहे. ईमेलने बहुतेक जेपेग पाठवतात, तो बघायला पुरतो. थ्रीडी स्कॅन असेल तर डायकॉम फाइल सीडी किंवा लिंकवर मागा, जेपेगचा तिथे उपयोग नाही. नव्या दवाखान्यात जाताना सहा महिन्यांच्या आतला मोठा एक्सरे सोबत नेला तर परत काढायचं टळतं.